नळीबाबा आणि रक्तावरची साय

"आली, साय आली!" कुणीतरी ओरडलं, आणि स्टेशनरीच्या दुकानावरच्या त्या लांबट हॉलमधली सगळी माणसं टाचा उंचावून एकमेकांच्या खांद्यांवरून बघायला लागली.

पुढे काचेच्या फळीवर नळ्या ओळीनं उभ्या होत्या. पाठीमागे दिवा लावलेला. प्रत्येक नळीच्या तळाशी गोठलेलं काळपट रक्त, त्यावर पिवळसर पाणी आणि अगदी वर पांढरीशुभ्र साय. दुधावर धरते तश्शी. ती बघायलाच तर सकाळी सकाळी गर्दी लोटली होती.

"ही कुणाची? तुझी का, माई?" बाबांनी एक नळी उचलून दिव्यासमोर धरली. "बघ, नीट बघ. तुझ्या हृदयाच्या गल्ल्यांमधून हा चिखल वाहतोय आणि डॉक्टर सांगतात, गोळी घे! अगं, मोरी तुंबली तर आपण तिला गोळी देतो का?"

हॉल खो खो हसला. ज्या माईची नळी होती ती मात्र पदर तोंडाला लावून रडकुंडीला आली होती.

"रडू नकोस. आठवडाभर माझं भारलेलं पाणी पी. मग ये, आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघ."

आणि लोक खरंच आठवड्यानं जात आणि बघत. त्याच माणसाचं रक्त, तशीच नळी, पण सायीचा मागमूस नाही. वरचं पाणी असं नितळ, की पलीकडचा दिवा आरपार दिसावा. बाबांचं नाव काहीतरी लांबलचक होतं, पण गल्लीनं त्यांना 'नळीबाबा' करून टाकलं होतं.

ती गल्ली आता राहिली नाही. पण त्या काळी तिथं सकाळपासून शिलाईमशिनांचा खडखडाट असायचा, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज हॉलच्या समोरच्या गणवेशांच्या दुकानातून यायचा. दुकान आत्याचं आणि तिच्या धाकट्या भावाचं. ती सख्ख्या भाचरांची आत्या होतीच, पण हळूहळू सगळ्या गल्लीची झाली होती. भाऊ कापड बेतायचा, आत्या शिवायची आणि भाऊची बायको, म्हणजे गल्लीची वहिनी, काजं-बटणं करायची.

दीड वर्षापूर्वी भाऊच्या छातीत दुखलं होतं. रक्तवाहिनी उघडी ठेवायला आत स्प्रिंग टाकावी लागली. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ गोळ्या आणि त्यावरून रोजची कुरकूर. नळीबाबांकडून नितळ नळी बघून आला त्या दिवसापासून मात्र कुरकूर थांबली. आत्याला वाटलं, चला, शहाणा झाला.

मग एक दिवस तिला शाळेच्या शर्टांची पांढरी बटणं हवी होती. तिनं फळीवरचा पत्र्याचा डबा उघडला, मूठ भरली, तर मुठीत अर्धी बटणं आणि अर्ध्या गोळ्या.

"भाऊ! हे काय?"

भाऊनं कात्री खाली ठेवली नाही. "हिला सांगू नकोस हं, ताई."

"तिला काय सांगू नकोस? नवरा बटणं खातोय आणि गोळ्या शर्टाला लावतोय म्हणून?"

"अगं, मी डोळ्यांनी पाहिलंय! आधी साय होती, नंतर गेली. तूही होतीस ना तिथं? खोटं आहे का ते?"

आत्या तिथं होतीच. तिनंही पाहिलं होतं. नळ्यांवर नाव लिहिलेलं असायचं, अदलाबदलीला जागा नव्हती. खोटं कुठं होतं ते तिला सांगता येईना. पण त्याच आठवड्यात भाऊ कापडाचा गठ्ठा घेऊन माळ्याचा जिना चढताना मध्येच थांबला आणि कठड्याला धरून उगीचच भिंतीकडे बघत राहिला, हेही तिनं पाहिलं होतं.

"काय झालं रे?"

"काही नाही. पाली फार झाल्यात."

भिंतीवर पाल नव्हती.

भांडून भाऊ ऐकणाऱ्यातला नव्हता. तेव्हा आत्यानं स्वतःच नळीबाबा गाठले. म्हटलं, बघू तरी काय करतात. पहिल्या खेपेला संध्याकाळी बोलावणं असायचं. गेल्या गेल्या दाट, लोणी तरंगणाऱ्या दुधाचा हा भलामोठा पेला. "रक्ताला जाग येते," बाबा म्हणाले. मग प्रवचन. ते एवढं लांबलं की आत्याचा मनातल्या मनात एक अख्खा फ्रॉक बेतून झाला. मग कुठं बाबांच्या माणसानं दंडातून रक्त काढलं. नळ्या रात्रभर पडद्याआड उभ्या. सकाळी आत्याच्या नळीवर बोटभर साय!

"माई, तू कशी जिवंत आहेस हेच आश्चर्य," बाबा म्हणाले.

"मलाही तेच वाटतं, तुमचं प्रवचन ऐकल्यापासून," आत्या म्हणाली. पण मनातून चरकलीच.

आठवडाभर तिनं ते पाणी नेमानं प्यायलं. दुसऱ्या खेपेचा नियम कडक होता. सकाळी यायचं, आणि आदल्या रात्रीपासून पोटात कण जाता कामा नये. आणि नेमकं तिथंच आत्या चुकली.

चूक साधी होती. लहानपणी रिकाम्या पोटी मशिनवर बसली असताना तिला भोवळ आली होती आणि सुई बोटातून आरपार गेली होती. तेव्हापासून तिच्या आईनं घरात नियमच करून टाकला होता, आधी घास, मग सुई. आज पन्नासेक वर्षं झाली तरी आत्याचा हात मशिनचं झाकण काढण्याआधी आपोआप पावाकडे जायचा. शाळा उघडायला आल्या होत्या, पहाटेच कामाला बसायचं होतं. तिनं दोन जाड तुकड्यांवर बोटभर लोणी थापलं, वर पेलाभर साईचं दूध घेतलं आणि कामाला लागली. दहाच्या सुमाराला वहिनीनं हाक मारली, "वन्सं, आज तुमची नळी ना?" तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला. पण आता कोण सांगत बसतं, म्हणून ती तशीच गेली.

संध्याकाळी बाबांनी नळी दिव्यासमोर धरली आणि हॉलमध्ये कुजबुज सुरू झाली. पांढरं! गढूळ, दुधाळ, पहिल्यासारखंच.

बाबांचा चेहरा क्षणभर उतरला, पण माणूस मुरलेला होता. "अश्रद्धा! घरात कुणीतरी संशय घेतंय. संशयाची चरबी पाण्यानं विरघळत नाही!"

सगळ्या माना आत्याकडे वळल्या. आत्या मात्र भलताच विचार करत होती. तिला एक जुनं गिऱ्हाईक आठवलं होतं. गृहस्थ भरपेट जेवून माप द्यायला आले, आणि पँट नेताना उपाशी होते. पँट कमरेवरून घसरली, त्यांनी आरडाओरडा केला. तेव्हापासून आत्या जेवून आलेल्या माणसाच्या कमरेचं माप घेत नसे. दोन मापं ताडायची तर दोन्ही वेळा पोट सारखं हवं.

आणि इथं? पहिलं माप दुधाचा पेला पाजून, दुसरं उपाशी ठेवून!

दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी ती डॉक्टरीणबाईंचे नवे पांढरे कोट पोचवायला गेली. कोपऱ्यावरच त्यांचा दवाखाना होता आणि मागच्या खोलीत रक्त तपासायची सोय. आत्यानं सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाई आधी हसल्या, आणि भाऊच्या गोळ्यांचं कळल्यावर एकदम हसायच्या थांबल्या.

"आत्या, त्या नळीत दिसतं ते हृदयाचं दुखणं नाही, जेवण आहे. लोणी-साय खाल्ली की तिचे बारीक कण रक्तात उतरतात. काही तास रक्त दुधाळ दिसतं. माझंही दिसेल, तुमचंही दिसेल. रात्रभर उपाशी राहिलं की शरीर ते कण उचलतं, काही जाळतं, काही साठवतं, आणि रक्त पुन्हा नितळ. बाबाचं पाणी प्या नाही तर नळाचं."

"मग भाऊचं रक्त नितळ आहे म्हणजे तो बरा आहे?"

"तेच तर वाईट आहे. जी चरबी वर्षानुवर्षं रक्तवाहिनीच्या भिंतीत जाऊन बसते, तिचे कण इतके बारीक असतात की त्यांनी रक्त गढूळ दिसतच नाही. नळी आरशासारखी असेल आणि आत नको तेवढी चरबी असेल. शिवाय स्प्रिंगवर गुठळी धरू नये म्हणूनही गोळी असते. ती मनानं बंद करणं म्हणजे जिवाशी खेळ. त्याला उद्याच्या उद्या माझ्याकडे आणा."

"तो येणार नाही. त्याचा विश्वास बसलाय, तो आधी उठवायला हवा."

डॉक्टरीणबाईंनी नवा कोट अंगात घातला, आरशात बघितलं. "छान बसलाय. चला, मग उठवू."

त्या संध्याकाळी नव्या लोकांना दूध वाटणं चाललं होतं. भाऊ आणि वहिनी पुढेच बसले होते. आत्या उभी राहिली.

"बाबा, माझ्यातच खोट होती. मला पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची आहे. आज सकाळपासून कडकडीत उपाशी आहे. दूध नको, नुसतं रक्त घ्या."

"छे छे, माई! उपाशी माणसाचं रक्त काढणं पाप!"

"मग दुसऱ्या खेपेला सगळ्यांचं काढता ते?"

कुणीतरी मागे फिसकन हसलं. बाबा म्हणाले, "तेव्हा पाण्याचं कवच असतं, माई."

"असं होय! मग माझ्यावर आहेच की कवच, आठवडाभर प्यायले. आणा तो पेला, भरून द्या. दूध पिते, प्रवचन ऐकते, मग रक्त घ्या. कवच आहे ना? नितळ निघालं पाहिजे."

बाबांनी पेला पुढे केला नाही. मागेही घेतला नाही. तो हातात धरून ते नुसतेच उभे राहिले.

"द्या की हो बाबा," मागून एक आवाज आला. "आत्या पिते म्हणतेय ना!"

"आज... आज वातावरणात जडपणा आहे."

"तो तुमच्या दुधात आहे," असं म्हणत डॉक्टरीणबाई जिना चढून वर आल्या. त्यांनी पिशवीतून दोन नळ्या काढून काचेच्या फळीवर ठेवल्या. एक नितळ, एक दुधाळ. "दोन्ही रक्तं माझीच. आजचीच. ही सकाळी उपाशीपोटी, आणि ही दुपारी, बाबा देतात तसाच पेला प्यायल्यावर. पाणी मी नळाचं प्यायले. कुणाला खोटं वाटत असेल त्यानं उद्या दवाखान्यात यावं, माझ्यासमोर उपाशी राहावं आणि माझ्यासमोर प्यावं."

मग त्यांनी आत्याला सांगितलं होतं तेच सगळं, आणखी सोपं करून, सगळ्यांना सांगितलं. हॉलमध्ये एकदम कलकल झाली. "म्हणजे आम्हीच साय प्यायलो आणि आमचीच साय बघून रडलो?" त्या सकाळी रडकुंडीला आलेली ती माई कमरेवर हात ठेवून विचारत होती. तिला उत्तर द्यायला बाबा जागेवर नव्हते. पडदा हलत होता आणि मागच्या जिन्यावर चपला वाजत होत्या.

पण भाऊ अजून कुठं वळला होता! घरी येताना गुरगुरत होता, "असेल बाबा लबाड. पण माझी नळी नितळ आहे ती आहेच. बरं वाटतंय मला."

"पाली दिसतात तेवढं सोडलं तर," आत्या म्हणाली.

हे ऐकून वहिनी रस्त्यातच थांबली. "कसल्या पाली?"

मग वहिनीला बटणांच्या डब्यातलंही कळलं. सकाळी भाऊ दवाखान्यात आला तो चालत आला की ओढला गेला, हे गल्लीला शेवटपर्यंत कळलं नाही.

उपाशीपोटी रक्त घेतलं. नळ्या गरगर फिरवणाऱ्या यंत्रातून नळी बाहेर आली. सुरेख, पारदर्शक, वरचं पाणी सोनेरी. भाऊनं ती उजेडात धरली, त्याचा चेहरा फुलला. "बघ ताई! बघ!"

"बघितलं," आत्या म्हणाली. "छान आहे. आता थांब."

थोड्या वेळानं डॉक्टरीणबाई आकडा घेऊन आल्या. वाईट चरबी, असायला हवी त्याच्या दुपटीहून जास्त. त्याच नितळ नळीतली. भाऊनं आकडा वाचला, नळीकडे बघितलं, पुन्हा आकडा वाचला.

"पण... दिसत तर नाही काही."

"नाहीच दिसत, भाऊ," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या. "दिसलं असतं तर मोजायचं यंत्र कशाला लागलं असतं? आता छातीचा आलेख, ईसीजी काढू. आणि जिन्यावर काय होतं ते खरं सांगा. पाल सोडून."

भाऊनं सांगितलं, चढताना छातीत दुखायचं म्हणून तो थांबायचा. सांगताना त्यानं बहिणीचा हात धरला होता, लहानपणी रस्ता ओलांडताना धरायचा तसा. वेळेत आला होता. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या, एक वाढली, आणि पुढचं संकट दारातून परत गेलं.

निघताना डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नव्या संशोधनात तर पोटाचा घेर, झोप, साखर, चरबी कशी पचते, या सगळ्याचे हृदयाशी धागे सापडतायत. आत्या, तुमची टेप त्या बाबाच्या नळीपेक्षा कितीतरी खरं सांगेल."

"ती गेली पाच वर्षं सांगतेय," आत्या म्हणाली. "दरवर्षी याच्या पँटची शिवण मीच उसवून सोडते. पण बोलले नाही कधी."

घरी आल्यावर वहिनीनं गोळी भाऊच्या तळहातावर ठेवली आणि फळीवरची नळीबाबांची बाटली काढून पेल्यात ओतली.

"हे काय?" भाऊ म्हणाला.

"पाणीच आहे ना? वाया कशाला घालवायचं. गिळा."

भाऊनं गिळली.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या सकाळी, चहाच्याही आधी, आत्या भावाच्या पोटाभोवती टेप गुंडाळायची. भाऊ श्वास आत ओढायचा आणि ती त्याच्या पाठीत धपाटा घालायची, "सोड! मापाला फसवून कुणाचा फायदा?" कुणी गल्लीत नवा चमत्कार सांगत आलं, तर ती मशिन थांबवून सगळं ऐकून घ्यायची. कुणाला वेड्यात काढायची नाही. एवढंच विचारायची, "तू पाहिलंस ते खरंच असेल, बाबा. पण आधीचं माप घेतलं तेव्हा पोटात काय होतं, आणि नंतरचं घेतलं तेव्हा काय होतं, ते विचारलंस का?"

तेवढं विचारून यावं, आणि औषध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नये, असं तिचं म्हणणं असायचं. पुढच्या वर्षी शाळा उघडायच्या आधी आत्यानं भाऊच्या पँटची शिवण पहिल्यांदाच आत घेतली.