उठवे महाराजांची खुर्ची

रोडपालीच्या मैदानावर त्या गुरुवारी इतकी माणसं लोटली होती की उशिरा आलेल्या डासांना चावायला जागा उरली नव्हती. ट्रेलरवाल्यांनी गाड्या रस्त्यातच लावल्या आणि ते टपावर चढून बसले. न्हावा शेव्याला निघालेला माल बोटीत चढायच्या आधी महाराजांचं दर्शन घेत होता. मांडवात एकच आरोळी चालली होती, "उठवे महाराज की जय!"

महाराजांचं खरं नाव कुणालाच ठाऊक नव्हतं. ते लंगड्याला "ऊठ" म्हणाले की लंगडा उठतो, म्हणून उठवे. एकदा खाडीकाठी सहज "ऊठ" म्हणून गेले, तर बुडालेली होडी वर आली आणि तिच्यातली कोळंबी ताजी निघाली, असं शपथेवर सांगणारे दोघे तरी मांडवात हजर होते. तिसरा म्हणत होता, कोळंबी नव्हे, जिताडा.

मंचापाशी चाकाच्या खुर्च्यांची रांग लागली होती. त्यातल्या एका खुर्चीत रंभा बसली होती, आणि खुर्ची ढकलत होता तिचा सख्खा धाकटा भाऊ धनेश. गळ्यात सेवेकऱ्याचा पिवळा गमछा.

"गर्दीत पडशील गो ताय. बस खुर्चीत. काठी दे, मी सांभालतो," असं तो फाटकातच म्हणाला होता. कंटेनर यार्डात खोक्यांची थप्पी कमरेवर कोसळल्यापासून रंभेला इतक्या मायेनं कुणी बसवलं नव्हतं. तिला भरूनच आलं.

आता गावच्या अपंगांना महाराजांपुढे का आणलं, ते ऐका. यार्डवाले गावच्या जमिनीपोटी गावकीला पैसे देत, आणि त्यातून गावकी अपंगांना मदत करी. मदत घेणारे वाढले, तसा खरा अपंग कोण आणि धडधाकट कोण, यावरून नाक्यानाक्यावर तंटा सुरू झाला. डॉक्टरकडून तपासून घ्यावं, तर डॉक्टर नावानिशी सांगणार आणि शिव्या पंचांना पडणार. तेव्हा गावकीचे प्रमुख कृष्णकांतशेठ यांना युक्ती सुचली. "देवच ठरवंल! महाराजांच्या शब्दावर जो उठला तो बरा झाला, त्यानं कामाला लागायचं. जो उठला नाय, त्याची मदत चालू." देवाच्या निकालावर भांडायला कोण जाणार? सगळ्यांनी माना डोलावल्या.

महाराजांनी माइकवर फुंकर मारली. "बेटी! तुझ्या मणक्यातला टॉवर बंद पडलाय. कुंडलिनीला रेंज नाही. आता वरून डायरेक्ट रिचार्ज मारतो. अनलिमिटेड! ऊऊऊठ!"

रंभा उठली. ढोल कडाडले. ती चार पावलं चालली, वळली, पुन्हा चालली. घरात ओट्यापासून मोरीपर्यंत ती रोज चालायची, तेवढीच. पण ढोल वाजत असले, शिट्ट्या पडत असल्या, की तेवढं अंतर माणसाला समुद्र ओलांडल्यासारखं वाटतं. तिला स्वतःलाही वाटलं, आपण बऱ्या झालो. समोर धनेश टाळ्या पिटत होता.

तिच्यामागून कुमार आला. पायाला हे एवढं बँडेज. हा गडी रोज संध्याकाळी व्हॉलीबॉलच्या जाळीशी हातभर उंच उडायचा. महाराज घसा फाटेस्तोवर "ऊठ" म्हणाले, पण कुमार खुर्चीत रुतून बसला तो बसलाच.

"श्रद्धा कमी पडली," महाराज म्हणाले.

"खरा अपंग हाय बिचारा," कृष्णकांतशेठ म्हणाले.

कुमारची मदत चालू राहिली. रंभेची बंद झाली आणि तिला यार्डाच्या पॅकिंगला लावलं. काम दिवसभर उभ्याचं. दुपारची सुट्टी व्हायच्या आधीच ती खोक्यांवर कोसळली.

"नाटकं करू नको गो," पर्यवेक्षक हसला. "महाराजांच्या व्हिडिओत तर कशी ठुमकत होतीस!"

रंभा पनवेलला डॉक्टर निशाकडे गेली. निशानं कंबर तपासली आणि विचारलं, "ताई, त्या दिवशी मैदानापर्यंत कशा गेलात?"

"चालत. रिक्षापासून फाटकापर्यंत. काठीनं."

"मग चाकाच्या खुर्चीत कशाला बसलात? तुम्हाला तर ती लागत नाही."

"बसवली मना."

"कुणी?"

धनेशचं नाव रंभेच्या ओठांवर आलं, बाहेर पडेना. ज्या मायेनं परवा डोळे भरले होते, त्याच मायेनं काठी काढून घेतली होती.

पुढच्या गुरुवारी मैदानाच्या फाटकाशी डोक्यावरून ओढणी घेतलेली एक बाई लंगडत आली. सेवेकऱ्यांनी लगबगीनं तिला खुर्चीत बसवलं, हातातली काठी काढून घेतली. महाराजांनी डोळे मिटले. "जन्मापासून सुकलेला पाय! गेल्या जन्मीचं देणं! मी फेडून टाकतो. ऊऊऊठ!"

बाई उठली. एवढंच नाही, मंचावरून उडी मारून खाली आली, पुन्हा टणकन वर चढली आणि माइक हातात घेतला. ओढणी सरली. मांडवातल्या निम्म्या लोकांना तिनं कधी ना कधी सुई टोचली होती. "आरं, ही तर निशा डॉक्टर!"

"माझा पाय कधीच सुकला नव्हता," निशा म्हणाली. "मी बसस्टँडपासून चालत आले. युक्ती साधी आहे. ज्याला थोडं चालता येतं त्याला फाटकात खुर्चीत बसवायचं आणि काठी लपवायची. खुर्चीत दिसला की तुम्ही समजता, याला उठताच येत नाही. मग तो उठला की चमत्कार! ज्याला खरंच उठता येत नाही, त्याला म्हणायचं श्रद्धा कमी. महाराज कधी हरतच नाहीत. आता गावकीनं सगळ्यांना दवाखान्यात पाठवावं, मी एकेकाला तपासते."

हे ऐकताच, सोंग टिकवायला याही गुरुवारी खुर्चीत बसून आलेला कुमार ताडकन उठला आणि बँडेज फडफडवत मांडवाबाहेर पळाला. महाराजांच्या मैदानावर झालेला तो एकमेव अस्सल चमत्कार. महाराजही त्याच दिशेनं निघाले होते, पण लोकांनी त्यांना धरून खाली बसवलं आणि म्हणाले, "आता ऊठ बघू!"

गर्दीतून वाट काढत रंभा काठी टेकत धनेशपुढे उभी राहिली. "तुला ठावं होतं?"

"ताय, तू चालतेसच की गो! मी कुठं खोटं बोललो?"

"चालते. काठीनं. ती तुज्या हातात होती."

धनेश खाली बघू लागला. "तुला खुर्चीत बसवलं तर यार्डात मुकादमकी देतो, असं शेठ बोलले. म्हटलं, तू घरचीच, समजून घेशील."

"घरची होते म्हनून तर बसले खुर्चीत. दुसऱ्या कुनाला काठी दिली नसती."

कृष्णकांतशेठ घसा खाकरून पुढे आले. "बरं, महाराज निघाला खोटा. पन रंभा चालते ते तर खरं ना? मग मदत कशापायी? काम का नाय करायचं?"

"कोन बोललं नाय करायचं?" रंभा वळली. "बसून करायचं असंल ते द्या. चिठ्ठ्या लावते, माल तपासते. मधी आडवं पडायला जागा द्या. दिवसभर उभं राहायला नाय जमत, आनि त्यात जेवढी मजुरी बुडंल तेवढी मदत द्या. हे सांगायला मी कवाची तयार हाय, शेठ. तुमी देवाला इचारलंत, महाराजाला इचारलंत, माज्या भावाला इचारलंत. मना एकदा तरी इचारलंत?"



तर मंडळी, माणूस उठला म्हणजे बरा झाला असं नाही, आणि बसून राहिला म्हणजे अपंग असंही नाही. त्याला काय जमतं, किती वेळ जमतं आणि नंतर काय दुखतं, हे आधी त्याला विचारावं, मग शिकलेल्या डॉक्टरनं तपासावं. जे दवाखान्यात कळतं ते मांडवात शोधू नये, आणि आपल्याला वाईटपणा नको म्हणून न्याय देवाच्या गळ्यात घालू नये.

निघताना धनेशनं बहिणीच्या कोपराला हात लावला. "चल ताय, घरी सोडतो."

रंभेनं कोपर काढून घेतलं. "नको," ती म्हणाली, "येवढं चालता येतं मना."