आगरवण्याची माणसं

कसबा पेठेतल्या आमच्या घराला जिन्यावर एक खोली आहे. माझे सासरे दादामियाँ, म्हणजे आमचे अब्बा, पूर्वी तिथे पुस्तकांच्या बांधणीचं काम करायचे. हात थरथरायला लागले तसं त्यांनी ते बंद केलं आणि इस्पितळातल्या पेशंटच्या नातेवाइकांना खोली द्यायला लागले. इस्पितळ गल्ली ओलांडली की समोर, त्यामुळे खोली सहसा रिकामी राहत नाही.

दिवाळी नुकतीच झाली होती. कोकणातून दोन माणसं दाराशी आली. एक बापूराव, पांढऱ्या मिशांचे, हळू बोलणारे. दुसऱ्या कांताबाई, पन्नाशीच्या, हातात नारळांची पिशवी. त्यांच्या गावचा सुखदेव पोफळीवरून पडला होता. पोफळ म्हणजे सुपारीचं झाड, बांबूसारखं उंच आणि सडसडीत. मणक्याचं ऑपरेशन झालं होतं आणि पुढे बरेच दिवस इस्पितळात काढायचे होते.

"किती जण राहणार?" अब्बांनी विचारलं.

"दोघं," बापूराव म्हणाले.

"दोघं म्हणजे दोघंच. ही खोली आहे, एसटी स्टँड नाही."

त्यांनी शब्द पाळला. खोलीत कधी तिसरं माणूस दिसलं नाही. फक्त दर आठवड्याला ती दोन माणसं बदलायची. सकाळी दापोलीच्या गाडीने दोन नवी यायची, जुनी दोघं त्यांना इस्पितळाचा रस्ता, नर्सचं नाव, औषधांच्या वेळा समजावून त्याच संध्याकाळी परत जायची. महिन्याभरात अब्बा वैतागले.

"बापूराव, मी खोली तुम्हाला दिली होती," ते फोनवर म्हणाले. "तुम्ही ती गावाला दिलीत."

पण खोली सोडा असं काही ते म्हणाले नाहीत. येणारी माणसं जिना झाडून काढायची, आमचं पाणी भरून ठेवायची. कोणी आमसुलं आणायचं, कोणी फणसाच्या आठळ्या. मी घरी शिवणकाम करते. मशीनशी बसले की कोणी ना कोणी उंबऱ्यावर येऊन टेकायचं आणि गावाचं बोलायचं. असं थोडं थोडं करून आगरवणं मला कळत गेलं.

रस्त्यावरून म्हणे ते गाव दिसतच नाही. दिसतात फक्त पोफळींचे आणि माडांचे शेंडे. खाली उतरलं की सावली सुरू होते आणि त्या सावलीत घरं. डोंगरातून एक ओढा येतो. पाऊस संपला की सगळं गाव मिळून त्याला दगडमातीचा बांध घालतं आणि तिथून निघालेला पाट प्रत्येकाच्या बागेतून फिरतो. पाणी पाळीने. पाळी आली की आपण पाणी घ्यायचं, संपली की पुढच्याला सोडायचं. त्यावर राखण नाही, कुलूप नाही. सुखदेव पडला तेव्हा बापूरावांनी तशाच पाळ्या लावल्या, एवढंच.

भांडणं नव्हती असं नाही. एकदा चेतन नावाचा तरुण आणि त्याचा चुलता असे दोघे आले. कुंपणावरून त्यांचं बोलणं कधीच बंद झालं होतं. पाळी मात्र एकत्र आली होती, तर दोघे आले. आठवडाभर एकाच खोलीत झोपले आणि सगळं माझ्यामार्फत बोलले.

"वहिनी, त्यांना सांगा, डबा मी नेतो."

"वहिनी, त्याला सांगा, काल त्यानेच नेला होता."

सुखदेवची सेवा मात्र दोघांनी अशी केली की वॉर्डातले लोक त्यांना बापलेक समजले.

सुखदेव स्वतः काही बोलत नसे. एकदा पुन्हा पाळीवर आलेल्या कांताबाईंना ताप आला म्हणून डबा घेऊन मी गेले. पस्तिशीचा काटक माणूस, गळ्यात काळ्या दोऱ्यात बुद्धाचं छोटं पदक, तोंड भिंतीकडे. डॉक्टर म्हणाले होते, व्यायाम केला तर चालेल. पण तो बसायलासुद्धा तयार नव्हता.

"ताई, एक काम करा," तो अचानक म्हणाला. "या लोकांना घरी जायला सांगा. सुपारी तयार झालीय. झाडावर चढणारा मी एकटाच होतो. माल खाली गळतोय आणि ही माणसं इथं माझं अंथरूण बदलतायत."

"तुमचंच गाव आहे ना ते?"

"मी हिंगोलीकडचा. रस्त्याच्या कामावर आलो होतो. पोफळीवर चढताना पाहिलं, शिकलो, राहिलो. माझं तिथं रक्ताचं कुणी नाही. आता चढायचंही संपलं. मग मी त्यांचा कोण?"

मी घरी येऊन अब्बांना सांगितलं. ते काठी घेऊन जिना चढले. कांताबाई पांघरूण घेऊन बसल्या होत्या.

"बाई, हा सुखदेव तुमच्या गावचा नाही म्हणे."

"कोन म्हनतं?"

"तोच म्हणतो."

कांताबाईंना राग आला. "धा वर्सं बांधाला दगड वाहतोय आमच्याबरोबर. आमचाच हाय तो."

"आणि तुमची सुपारी?"

"गळली तर गळूदे. खालची येचून घेऊ. भिजंल, काळी पडंल, दुसरं काय व्हईल?"

अब्बा खाली आले, पाणी प्यायले आणि बापूरावांना फोन लावायला मला सांगितलं.

"दादामियाँ बोलतोय. पुढच्या आठवड्याची पाळी आमची. कोणाला पाठवू नका." पलीकडून बापूराव काहीतरी म्हणत होते. "उपकार वगैरे काही नाही. माझा जिना झाडून झाडून झिजायला आलाय, त्याला जरा विश्रांती. तुम्ही तुमची सुपारी वेचा."

कांताबाईही ताप उतरल्यावर गावी गेल्या. त्या आठवड्यात अब्बा सकाळी, मी दुपारी आणि शेजारची मंडळी आळीपाळीने संध्याकाळी अशी इस्पितळात जायला लागलो. अब्बांनी पहिल्याच दिवशी सुखदेवला सांगितलं, "तुम्हाला आयुष्यभर भिंत बघायची असेल तर खुशाल बघा. पण आमच्या घरची भिंत जास्त चांगली आहे. तिथवर चालत या." सुखदेव हसला नाही, पण त्याने मान वळवून पाहिलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी त्याचा फोन वाजला. व्हिडिओ कॉल होता. कांताबाईंची मुलगी चैताली पोफळीच्या बुंध्याशी उभी होती, पायात दोरीचा फास, कमरेला कोयता.

"सुखदेवदादा, मी चढतेय," ती म्हणाली. "आई नको म्हणते. तुम्ही सांगा कसं करायचं."

"उतर!" तो ओरडला.

"अजून चढलेच नाही."

फोन चेतनच्या हातात होता. त्याने तो वर धरला आणि चैताली चढू लागली. सुखदेवने फोन डोळ्यांजवळ घेतला. मग म्हणाला, "फास खाली घे. गुडघे बाहेर. झाडाला मिठी मारू नको, ढकलत जा." आवाज वाढत गेला. खाली चेतन तेच शब्द ओरडून वर पोचवत होता. शेजारच्या खाटांवरचे पेशंट मान उचलून ऐकू लागले. ती शेंड्याशी पोचली, सुपारीचा घड कापला, दोरीने खाली सोडला.

"आता उतरू?"

"उतरायचं नाही. तिथूनच पुढच्या झाडावर जायचं. झाड झुलव. अंगाने झुलव, हाताने नव्हे. पुढची पोफळ जवळ आली की धर. आत्ता नको... आत्ता नको... धर!"

फोनवर नुसती पानं दिसली. कोणीतरी किंचाळलं. मग चेतनचा आवाज आला, "गेली! गेली पलीकडे!"

सगळा वॉर्ड ओरडला. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं, सुखदेव कोपरावर जोर देऊन उठून बसला होता. त्याचं त्यालाही कळलं नव्हतं. पाठीतली कळ चेहऱ्यावर उमटली तसा त्याने माझा हात घट्ट धरला, पण आडवा झाला नाही. "पुढच्या झाडावर मुंग्या असतात," तो फोनमध्ये म्हणत होता, "आधी बघून घे."

रोज दुपारी तो कॉल यायला लागला. सकाळी सुखदेव व्यायाम करायचा, कारण अब्बा समोर बसून असायचे आणि त्यांच्यापुढे टाळाटाळ चालत नसे. पुढच्या आठवड्यात गावाच्या पाळ्या पुन्हा सुरू झाल्या. वाचलेली सुपारी उतरून झाली होती. संक्रांतीच्या आसपास सुखदेव वॉकर घेऊन आमच्या दारापर्यंत चालत आला. अब्बांनी त्याला खुर्ची दिली आणि मला चहा टाकायला सांगितलं. मग डोळे पुसायला त्यांना चष्मा काढावा लागला.

पुढल्या हिवाळ्यात अब्बा आणि मी आगरवण्याला गेलो. सुखदेव आता काठी घेऊन चालतो. झाडावर तो चढणार नाही, हे त्याने मान्य केलंय. पण गावात आता चार जण चढतात, त्यातल्या दोन मुली, आणि चौघंही त्याच्या हाताखाली शिकलेली. आजूबाजूच्या गावांतून त्याला बोलावणी येतात.

बागेत शिरताच ऊन मागे राहिलं. पायाखाली ओली माती, पाटात पाणी चाललेलं आणि आंबूस, गोडसर वास. वर चैताली एका पोफळीवरून दुसरीवर जात होती. सुखदेव खाली उभा राहून सूचना देत होता, बहुतेक शिव्याच. अब्बा टोपी हाताने धरून, मान मागे टाकून बघत होते. बापूराव म्हणाले, "दादामियाँ, बसा की. मान दुखंल."

"दुखू दे," अब्बा म्हणाले. "तुम्ही रोज बघता. मला बघू द्या."