पुलावर बंद पडलेली पिकअप

तक्रार

गाडी चालता चालता बंद पडते. कधीही, कुठेही.

मिस्त्रीने कार्डावर एवढं लिहिलं, तेवढ्यात समोर उभी असलेली भाची म्हणाली, "मामा, असं नका लिहू. बाबा चालवत असले की बंद पडते, असं लिहा."

तिचे बाबा, म्हणजे मिस्त्रीचे दाजी, दोन हात अंतरावरच उभे होते. त्यांनी ऐकलं आणि टायरकडे बघत राहिले. मिस्त्रीची बहीण जाऊन दीड वर्ष झालं होतं. तेव्हापासून दाजी आणि ही म्हातारी पिकअप, दोघंच रोपवाटिकेतली रोपं घरोघर पोचवत फिरायचे. महिन्यात तीनदा गाडी बंद पडली होती. तिसऱ्यांदा तर पुलाच्या मधोमध, आणि मागचा टँकर हातभर अंतरावर येऊन थांबला होता.

"दोष निघाला तर दुरुस्त करा," भाची म्हणाली. "नाही निघाला तर चावी माझ्याकडे द्या. बाबांनी आता गाडी चालवायची नाही. त्यांचं लक्ष राहत नाही हो, मामा. स्वतःच बंद करतात आणि त्यांना कळतसुद्धा नाही."

दाजींनी खिशातून किल्ल्यांचा जुडगा काढला. मूठभर होता. नखाने कडी फाकवून गाडीची चावी सोडवली आणि जुडगा परत खिशात टाकला. गाडी गॅरेजला देताना दरवेळी ते असंच करायचे.

"घे मेहुण्या. तुझ्या बहिणीची सवत सांभाळ."

कोणीच हसलं नाही.

तपासणी

डिझेल फिल्टर नवा टाकला. टाकी उतरवून गाळ काढला. बॅटरीची टोकं घासली, वायरी एकेक करून हलवून पाहिल्या. इंजिन सुरू ठेवून मिस्त्री तासभर स्टुलावर बसला. ते आपलं एका सुरात चालूच.

दुसऱ्या दिवशी रोपांऐवजी विटा भरून चढावर नेली. चालली.

तिसऱ्या दिवशी पुलावर नेली. पुलाच्या सांध्यावरून चाक धाडकन गेलं आणि

काही नाही. चालली.

त्याने हात टेकले. परत येताना त्याच्या मनात जे आलं, ते त्याला आवडलं नाही. दाजी खरंच थकले असतील. मागच्या महिन्यात त्यांनी त्याला एकच गोष्ट दोनदा सांगितली होती. भाची खोटं कशाला बोलेल?

दोष

हा रकाना रिकामा होता. भाची संध्याकाळी चावी न्यायला येणार होती. दुपारी दाजीच आले, चालत.

"नाही ना सापडला?"

"नाही, दाजी."

"दिवेपण विझतात रे. मी पोरीला सांगितलं. ती म्हणाली, भास होतो."

मिस्त्री हात पुसत होता, तो थांबला. "कुठले दिवे?"

"समोरचे. काट्यांजवळचे. सगळे एकदम जातात."

डिझेल न पोचल्याने गाडी बंद पडली, तर ते दिवे उलट पेटतात. सगळे विझले म्हणजे करंटच गेला. तीन दिवसांत मिस्त्रीने गाडीला सगळं विचारलं होतं. दाजींना काहीच विचारलं नव्हतं.

"चला. तुम्ही चालवा."

"मी?"

"तुम्हीच. रोजच्यासारखी."

मिस्त्री शेजारी बसला, दाजी स्टीअरिंगवर. चावी हातात घेतली, खिशातून जुडगा काढला आणि चावी त्यात अडकवली. रोजच्यासारखी. मग लावली. स्टीअरिंगखाली मूठभर लोखंड लोंबू लागलं. घराची किल्ली, गोदामाची, पितळी कुलपांच्या दोन. बहिणीच्या कपाटाची किल्ली मिस्त्रीने लगेच ओळखली. शिवणयंत्राच्या खणाचीही. ते यंत्र तर केव्हाच विकलं होतं.

पूल आला. पुढे गर्दी होती, दाजी हळू चालले होते. चाक सांध्यावरून गेलं, जुडगा उसळून खाली आदळला आणि

दिवे गेले. काटे पडले. इंजिन गप्प. दाजींचे दोन्ही हात स्टीअरिंगवर होते, दिसतील असे, आरोपीसारखे.

"बघितलंस?" ते म्हणाले. "मी काही केलं नाही."

मिस्त्रीने जुडगा तळहातावर उचलून धरला आणि चावी फिरवली. गाडी सुरू झाली. पूल संपेपर्यंत त्याने तो तसाच धरून ठेवला.

"दाजी, चावीचं स्विच आतून झिजलंय. एवढं वजन त्याला पेलत नाही. मी नुसती चावी लावून फिरत होतो, मला कसं सापडणार?"

दाजींनी गाडी कडेला घेतली. मग इंजिन बंद केलं.

"मला वाटायला लागलं होतं, पोरगी म्हणते तेच खरं. रोज सकाळी पाढे म्हणून बघायचो. डोकं ठिकाणावर आहे का ते. एकोणीसच्या पाढ्याला अडायचो."

"एकोणीसचा मला शाळेतपण येत नव्हता, दाजी."

दाजी हसले नाहीत. ते कडी फाकवून चावी सोडवू लागले. या वेळी मात्र नख लागेना. मिस्त्रीने मदत केली नाही.

शेरा

भाची आली तेव्हा नवं स्विच बसवून झालं होतं. मिस्त्रीने जुनं स्विच तिच्या हातावर ठेवलं, दाजींचा जुडगा अडकवून हलवला की ते आतून कसं सुटतं ते दाखवलं. मग कार्ड पुढे केलं. गिऱ्हाइकाने वाचून सही करायची, ही गॅरेजची पद्धत.

तिने वाचलं. *दोष गाडीचा. चालवणाऱ्याचा नाही.*

ती वडिलांकडे वळली. पेन मागितलं, सही केली. गाडीची चावी उचलून दाजींच्या हातात दिली आणि स्वतः शेजारच्या सीटवर जाऊन बसली.

दाजींनी गाडी सुरू केली. जुडगा खिशातून काढला, थोडा वेळ धरला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

"एवढा धर," ते म्हणाले. "पूल ओलांडेपर्यंत."