आदिमायेचे डोळे

भद्रावतीच्या कुंभारपुऱ्यात मूर्ती करणारी चार घरं होती, पण नाव निघायचं ते मुखरूचं. मुखरूनं डोळे काढले की गणपती समोरच्याकडे बघायला लागतो, असं लोक म्हणायचे. मुखरूलाही ते ऐकायला गोड वाटायचं. आता मात्र साठी उलटली होती, कंबर धरली होती, हात कापत होता. कान्होबा, गणपती, शारदा अशा मूर्तींचा दरवर्षीचा फेरा करून तो इतका थकला होता की माती चाळता चाळता त्याचा डोळा लागायचा.

घरात एक रीत होती. माती तुडवणं, साचे भरणं, रंग देणं, दागिने चिकटवणं हे सगळं बायकांनी करायचं. डोळे काढायचे ते घरच्या कर्त्या पुरुषानं, आंघोळ करून, उपाशीपोटी आणि पडदा लावून. मुखरूनंतर ते काम मुलाकडे, प्रणितकडे जायचं. प्रणित तर माजरीच्या कोळसा खाणीत डंपर चालवायला निघून गेला आणि मातीचं नाव काढलं की हात झटकायला लागला. राहिली सून, मंजुषा. तिच्या बोटांत मुखरूपेक्षा जास्त कसब होतं, हे मुखरूला ठाऊक होतं आणि कबूल करायचं नव्हतं. आपल्यामागे डोळे कोण काढणार, हा विचार त्याला रोज छळायचा. रोज तो दमलोय म्हणून उद्यावर ढकलायचा.

अशात एक भलतंच काम आलं. मूलच्या रस्त्याला, जंगलाला लागून नवी बाग होत होती आणि तिथे आदिमानवाचे पाच पुतळे हवे होते, लोखंडी जाळी बांधून तिच्यावर सिमेंट लिंपलेले, माणसाएवढे. देखरेखीला अश्वजित नावाचा तरुण इंजिनीअर होता. त्यानं मुखरूसमोर चित्र पसरलं.

"ही पयली, भाऊ. तीस-बत्तीस लाख वर्षांआधीची."

"लाख?" मुखरूनं दोनदा विचारून घेतलं.

"लाख. माणूस आधी दोन पायांवर उभा झाला. मंग हात रिकामे झाले, दगड फोडाले लागला. डोकं मोठं झालं ते लय मागून."

"म्हंजे हात आधी अन् डोकं मंग?"

"हो जी."

मुखरूला हे लगेच पटलं. त्याचं स्वतःचंही आयुष्यभर तसंच चालत आलं होतं. मग त्यानं चित्रातल्या रांगेत चौथ्यावर बोट ठेवलं.

"हा निअँडरथल," अश्वजित म्हणाला. "हा आपला आजा-पणजा नाई. चुलत घरचा."

"मंग रांगेत काऊन उभा केला?"

"चित्र काढणाऱ्यानं केला. तुमी त्याले जरा बाजूले सरकवा."

सासरा-सून बागेतच राहून कामाला लागले. दगडाचा तुकडा धरलेला, भाल्यावर रेललेला, असे एकेक उभे झाले. सगळ्यांत जास्त जीव ओतला तो पहिलीत. ठेंगणी, लांब हातांची, बसक्या कपाळाची, अंगभर केसांची बाई, कडेवर पोर. तिचे केस मंजुषानं ओल्या सिमेंटवर काडीनं एकेक ओढले. मग मुखरूनं आंघोळ केली, उपाशीपोटी पडदा बांधला आणि पाचही जणांचे डोळे काढले. देवाचं काम नव्हतं, तरी उपास केला. डोळे म्हटले की उपास, एवढंच त्याच्या हाडात होतं.

महाशिवरात्र आली. मार्कंड्याच्या जत्रेला जाणाऱ्या गाड्या त्या रस्त्यानं निघाल्या. बागेला अजून कुंपण नव्हतं. कुणीतरी पाणी प्यायला थांबलं, त्याला पहिली बाई दिसली आणि त्यानं हात जोडले. झालं! जत्रा संपेपर्यंत बाईच्या कपाळाला कुंकू, पायाशी नारळ, कडेवरच्या पोराच्या हातात हिरव्या बांगड्या. अंजनाबाई नावाच्या एका म्हातारीनं तर तिचं नावही ठेवून दिलं, आदिमाय.

अश्वजित आला आणि नारळांच्या ढिगापुढे डोक्याला हात लावून बसला. रागवायचंही त्राण त्याच्यात दिसेना.

"भाऊ, माह्या आजानं छप्पन्न साली दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले. अन् मी इथी नवीन देवी उभी करून राह्यलो! घरी काय सांगू?"

मुखरूला हसू आलं, पण आदिमायेकडे नीट पाहिल्यावर ते विरलं. लांब, कानाकडे गेलेले, अर्धे मिटलेले, कृपा करणारे डोळे. चक्क शारदेचे. दगड फोडणाऱ्याचेही तेच, चुलत घरच्याचेही तेच. लाखो वर्षांची माणसं आणि सगळ्यांच्या डोळ्यांत एकच आशीर्वाद.

"बदलून देतो," तो म्हणाला.

उद्घाटन तोंडावर आलं होतं. मुखरूनं आदिमायेचे डोळे खरवडले, पापण्या नव्यानं लिंपल्या, रंग भरला. पुन्हा शारदा. पुन्हा खरवडलं. या खेपेला डोळे बारीक करायचे असं मनाशी घोकत त्यानं कुंचला टेकवला आणि हात आपला जुन्या वाटेनं कानाकडे निघून गेला.  इतकी वर्षं ज्या हातावर तो मिरवत होता, त्या हाताला एकच गोष्ट येत होती. तो चौथऱ्याच्या पायरीवर बसला आणि कुंचला बाजूला ठेवला.

"माह्याकडनं नाई होत."

मंजुषा सिमेंटची पाटी धुवत होती. तिनं मान वर केली नाही.

"मी काढू का, मामाजी? हे तं देव नाईत."

नाही म्हणायला मुखरूकडे कारण नव्हतं.  त्यानं हातानंच 'काढ' अशी खूण केली.

मंजुषानं ना आंघोळ केली, ना पडदा लावला. सकाळी दोन भाकरी खाल्ल्या होत्या, तशीच उभी राहिली. आधी त्या बाईला नीट बघून घेतलं, मग कामाला लागली. डोळे उघडे, जरा खोल गेलेले. एक नजर समोरच्या झाडीवर, काही येतंय का बघणारी. खालची पापणी जागरणानं सुजलेली. दूरवरून चालत आलेली, पोर खाली ठेवायला जागा न मिळालेली बाई तिथे उभी राहिली.

संध्याकाळी अंजनाबाई नेहमीसारखी नारळ घेऊन आली. बाईच्या तोंडाकडे पाहून थबकली. तिनं हात जोडले नाहीत.

"कवापासून उभी हाये वो ही?" तिनं मंजुषाला विचारलं. "लेकरू घेऊन पाय दुखत असन बिचारीचे. बसाले काई देत काऊन नाई?"

आणि नारळ तसाच परत घेऊन ती घरी गेली.

मुखरूला आत काहीतरी टोचलं. सुनेचा हेवा वाटला, अगदी उघड हेवा. पाठोपाठ हायसंही वाटलं, डोक्यावरचं ओझं कुणी उतरवून घेतल्यासारखं. बाकीच्या चौघांचे डोळेही मंजुषानंच काढले. सामान बांधताना मुखरूनं मनाशी ठरवलेलं बोलून टाकलं.

"यंदापासून गनपतीचे डोळे तूच काढ. मी थकलो."

त्याला वाटलं, ती पाया पडेल. मंजुषा दोरी गुंडाळत म्हणाली, "मले नाई येत."

"येत नाई? हे काय काढले मंग?"

"हे माणसांचे हायेत. माणसं मी रोज पाह्यतो. देवाचे कसे काढता ते तुमी मले कवाच पाहू देल्लं नाई. पडदा लावता ना तुमी?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मुखरूला बरं वाटलं असतं. त्याच्या लक्षात आलं की येत्या भाद्रपदापर्यंत हात आणखी कापेल, त्याच्या पुढच्या खेपेला कदाचित कुंचलाही धरवणार नाही, आणि ते डोळे त्याच्याबरोबरच संपतील. ते सांगून शिकवण्यासारखं काम नव्हतं. बापानं त्याला हात हातात धरून शिकवलं होतं. आणि सुनेच्या अंगाला सासऱ्यानं बोटही लावायचं नाही, ही रीत तर डोळ्यांच्या रितीहूनही जुनी होती.

 मुखरूनं बांधलेलं सामान सोडलं, एक फळी काढली, तिच्यावर चुना फासला आणि ती गुडघ्यावर घेऊन पायरीवर बसला.

"इकडं ये," तो म्हणाला. "हात दे."

मंजुषानं सवयीनं डोक्यावरचा पदर पुढे ओढला.  मग तोच पदर कमरेला खोचला, त्याच्या शेजारी बसली आणि कुंचल्यासकट हात त्याच्यापुढे केला.