नावं झाकलेली वाकळ

"उद्या त्या मडमची भाची यायच्या आत ती वाकळ जाळून टाक. सुनेला कळू देऊ नको."

अर्जुनराव माजघरात बायकोशी, भामाबाईशी, कुजबुजले. सून बायना भिंतीपलीकडे दळत होती. तिचा हात तेवढा थांबला. तिच्याखाली बसकर म्हणून माझीच घडी होती. मी ती वाकळ. जाळायचीच तर जाळा, पण आधी ऐका. वीस वर्षं पांघरलंत, विचारलं मात्र कुणी काही नाही.

माझा अर्धा जन्म अमेरिकेतला. वरचे चौकोन एक मडम पेटीत घालून पाटोद्याला घेऊन आली. एकेका चौकोनावर तिच्या घरातल्या एकेका बाईचं नाव दोऱ्यानं भरलेलं: पणजी, आजी, आई, बहीण. आपल्याकडे भाटाच्या वंशावळीच्या वहीत बाई सापडत नाही. त्यांच्याकडे ती पांघरुणात तरी सापडते.

मोठ्या दुष्काळात मडमनं लोकांना पेज वाटली. नवरा पटकीनं गेला होता, पोटात मूल होतं. बारा वर्षांची भामा पेजेला आली ती मदतीला राहिली. मडमला मुलगी झाली, आठ दिवस जगली. तापलेल्या मडमला सुई धरवेना. कोऱ्या राहिलेल्या चौकोनावर तिनं कोळशानं मुलीचं नाव लिहिलं आणि भामानं त्यावर टाके घातले. मग खाली जुनेराचे थर घालून माझी वाकळ केली आणि रिवाजाप्रमाणे माझ्या कोपऱ्यात भाकरीचा तुकडा शिवला, वाकळ उपाशी राहू नये म्हणून. त्या दिवसांत, स्वतःच्या तोंडातला! चार दिवसांनी मडमही गेली, मी भामाकडे राहिले.

लग्न होऊन इथं, युसूफ वडगाव या गावी, आल्यावर भामाबाईनं माझ्या नावांवर जुनं लुगडं शिवलं. मडमच्या हातचं खाल्लं हे कळलं तर गाव वाळीत टाकील. तेव्हापासून मी तोंड झाकून आहे. जाडजूड असल्यानं गावात कुणाला हिवताप भरला की मलाच मागून नेतात. किती घाम प्याले, किती खोटं कण्हणं ऐकलं. थकले आता.

बायना बोलते कमी, बघते फार. विरल्या लुगड्याखाली तिच्या बोटांना टाके लागले, तेव्हा सासूनं एका दुपारी सगळं सांगून टाकलं. "बोलू नको गं कुठं. तुज्या नणंदेची, वत्सलाची सोयरीक मोडंल."

अर्जुनरावांना वाटतं, सुनेला ठाऊक नाही. सुनेला सगळं ठाऊक असतं. तिला विचारत कुणी नाही, एवढंच.

सकाळी भामाबाईनं मला चुलीपाशी नेलं. भाकरीचा तो कोपरा चाचपला आणि मला न जाळता उतरंडीमागे ठेवलं.

दुपारी मडमची भाची आली, सोबत दुभाष्या कारकून. पाटोद्यात कुणीतरी तिला भामाचं नाव सांगितलं होतं. गावचे पाटील शहादेव, वत्सलाचे होणारे सासरे, अंगणात येऊन बसले. भाचीच्या हातात घराण्याची वही होती. मावशीच्या नावाखालची जागा कोरी.

"बाई विचारतात, मावशीला मूल झालं होतं का? नाव काय?"

"आमाला काय ठावं?" अर्जुनराव म्हणाले. "आमची मंडळी पाटोद्याला कधी गेलतीच न्हाई."

भामाबाई दारात पदर चावत उभी. भाचीनं वही मिटली. हजारो कोसांवरून आलेली बाई, पाणीसुद्धा न मागता उठली.

तेव्हा बायनानं मला उचललं. दातांनी टाके तोडले, लुगडं ओरबाडून काढलं आणि मला अंगणात पसरलं. वीस वर्षांनी तोंडावर ऊन आलं. भाची गुडघ्यांवर बसली. तिचं बोट एकेका नावावरून सरकत शेवटच्या, वाकड्या टाक्यांच्या चौकोनावर थांबलं.

"हे काय बे, अर्जुना?" पाटील उठलेच. "मडमची वाकळ? तुज्या घरात?"

अर्जुनराव माझी घडी घालायला वाकले. मला न्या, ठेवा, जाळा, माझं काही म्हणणं नाही. फक्त पुन्हा झाकू नका, एवढंच मनात आलं.

बायनानं डोईवरचा पदर नीट केला.

"पाटीलमामा, गेल्या हिवतापात तुमी हीच वाकळ नेलती. पंधरा दीस हिच्याखाली निजला आन् बरं झाला. बाटायचं ते तवाच बाटून झालं. आता त्या बाईला तिच्या मावसबहिणीचं नाव उतरून घेऊ द्या. आत्याबाई, तुमी या म्होरं. टाके तुमचे हायत."