पितांबर मास्तरांचं नाव

ब्राह्मणपुरीच्या पितांबर मास्तरांनी तरुणपणी एका मासिकात वाचलं, की रशियात एका कवीनं फेरीवाल्यावर कविता लिहिली, लोकांनी तिचं गाणं केलं आणि कवीला पार विसरले. गावोगाव म्हणत, हे तर आमच्या वाडवडलांचं! मास्तर भडकलेच. "माझं असं होऊ देतो की काय!"

त्यांनी कासारावर अहिराणीत गाणं रचलं आणि दर कडव्यात स्वतःचं नाव ठोकून दिलं:

हिरवा चुडा भर रे कासारा,
पितांबर उभा शे दारा.

एकवीस साली पुस्तक छापलं. कुत्रंसुद्धा हुंगेना. तरी एक प्रत कोटाच्या खिशात कायम असायची.

चौतीस साली ते मित्राबरोबर खापरला लग्नाला गेले. दुपारी हळद लागत होती, आणि बायका चक्क त्यांचंच गाणं गात होत्या! मास्तरांच्या अंगावर काटा आला. पण 'पितांबर'च्या जागी कधी 'मगन काका', कधी 'सुकलाल आजा'. हळदीच्या गाण्यात सोयऱ्यांची नावं घ्यायची रीत. बायकांना नावाची जागा आयती मिळाली होती.

"हाई गाणं मन्हं शे!" मास्तर उठून ओरडले.

गाण्यात पुढे असलेली धनुबाई हसली. "तुम्हनं कसं, मास्तर? मन्ही सासूनी सासू गाये हाई!"

ती बिचारी पुस्तक छापायच्या आधीच वर गेली असणार! मास्तरांनी पुस्तक काढून कडवं वाचून दाखवलं.

धनुबाईनं कपाळाला हात लावला. "अय माय! कोन्ही तरी आम्हनं गाणं चोरीसन छापी लिधं!"

मांडव हसून लोटपोट. मास्तर तोंड पाडून खाली बसले. तेरा वर्षं जपलेलं नाव, आणि घेणारं कुणी नाही. फार लागलं त्यांना.

गाणं पुन्हा सुरू झालं. काका झाले, आजा झाला, आणि मामाच्या कडव्याशी सगळ्या गप्प झाल्या. नवरीची आई गजराबाई खाली बघू लागली. तिचा एकुलता भाऊ प्लेगात गेला होता, मित्रानं मास्तरांच्या कानात सांगितलं. घरात लग्न निघालं, की मामाचं कडवं असंच सुटायचं.

मास्तर उठून पुढे आले. पुस्तक खिशात घालून ते म्हणाले, "मन्हं नाव घाला. मामा म्हनीसन."

धनुबाईनं गजराबाईकडे पाहिलं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि मान हलवली. मग असा काही सूर लागला, की रस्त्यावरची माणसं मांडवात डोकावली:

हिरवा चुडा भर रे कासारा,
पितांबर मामा उभा शे दारा!

नाव घेतलं की नाचायचं, हीही रीत. मास्तर धोतर सावरत असे नाचले, की टोपी हळदीच्या ताटात पडली.

"आते तरी सांगा," धनुबाईनं डिवचलं, "गाणं कोननं शे?"

मास्तरांनी धापा टाकत गजराबाईकडे बोट केलं. "हिना माहेरनं!"

आणि गजराबाई हळदीच्या हातांनीच भावाला पाट मांडायला उठली.