यादीतलं बारावं पुस्तक

जिन्याला घाबरणारा राक्षस.

बांबूच्या वलांडीवर जबड्यात जबडा अडकवून टांगलेले बोंबील.

ढगावर पोटभाडेकरू ठेवणारी एक आत्याबाई.

सभासद क्रमांक एकेचाळीस.

शिंक.

वत्सलाबाईंनी पेनचं निब फडक्याला पुसलं आणि बाराव्या नावावर काट मारायला पट्टी ठेवली. शिरगावच्या वाचनालयाची उन्हाळी यादी शाळेची परीक्षा संपायच्या दिवशी दारावर लागायची. गेल्या साली बाईंनी थोरामोठ्यांची चरित्रं निवडली होती. पोरांनी यादी तेवढी वाचली. म्हणून यंदा, अठ्ठ्याऐंशी साली, बारा अद्भुत कादंबऱ्या, त्याही हसवणाऱ्या. नियम मात्र जुनाच होता. शेवटच्या पानापर्यंत स्वतः वाचल्याशिवाय बाई कुठलंही पुस्तक यादीत घेत नसत. वाचताना त्या हसत नसत. विनोद आला की चष्मा वर सरकवत, इतकंच.

अकरा पुस्तकं अशी चष्म्याखालून गेली होती. बारावं ‘दर्याराजाची सर्दी’. पोरांनी सगळ्यांत आधी तेच मागितलं होतं, आणि नेमकं तेच बाईंनी कधी वाचलेलं नव्हतं. नऊ वर्षं दर उन्हाळ्यात ते एकाच नावावर जायचं. सभासद क्रमांक एकेचाळीस, हिरा, जानू तांडेलाची बायको. ती तिशीत प्रौढांच्या वर्गात अक्षरं शिकली. दुपारी बायका वलांडीवर बोंबील टांगायच्या तेव्हा ही खाली बसून मोठ्यानं वाचायची, आणि किनाऱ्यावरची पोरं कामं टाकून ऐकत बसायची. पौषात हिरा गेली.

पान एकशे शहात्तर ‘राजवैद्याने महाराजांच्या कानात सांगितले की’ इथं संपत होतं. त्यापुढे थेट पुठ्ठा. सोळा पानं गायब.

म्हणून आदल्या दिवशी बाई किनाऱ्यावर जाऊन शेवट विचारून आल्या होत्या. वलांडीवर बोंबील वाळत टांगणाऱ्या मैनाबाईनं सांगितलं, राजाला सुक्या बोंबलाचं कालवण पाजतात, मग तो शेवटची शिंक देतो आणि राजवैद्य उडून दमणला पडतो. रंभाबाई म्हणाली, काहीतरीच काय, राजाला रेशनच्या रांगेत उभा करतात आणि नंबर लागेपर्यंत सर्दी आपोआप जाते. पलीकडून कुणीतरी म्हणालं, त्याचं लग्न लावून देतात. तिघींनीही पुस्तकातच असं असल्याची शपथ घेतली.

फाटकं पुस्तक यादीत जात नसे. ते कोपऱ्यातल्या गठ्ठ्यात जायचं आणि तिथून रद्दीत. बाईंनी पट्टी नीट सरळ केली. तेवढ्यात दाराशी पुन्हा शिंक आली.

जानू तांडेल नाकाला टॉवेल लावून उभा होता.

“बाई, हिराचं पुस्तक.”

बाईंनी त्याला बसायला सांगितलं आणि सर्दीवर काही घेतलं का, असं विचारलं.

“पौषापासून हाय. खारा वारा लागलाय, दुसरं काय.”

चाळीस वर्षं खाऱ्या वाऱ्यात काढलेल्या त्या माणसाकडे बाई क्षणभर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “पण जानूभाऊ, वाचणार कोण?”

“तुमी.” त्यानं काखेतली कापडी पिशवी काढली. मासळीचा वास लागू नये म्हणून हिरा पुस्तकासाठी वेगळी पिशवी ठेवायची. ती धुतलेली होती. “सगलं नको. शेवटच वाचा. ती दरसाल नवाच सांगायची. पुस्तकात खरं काय हाय ते एकदा आयकू द्या.”

पुस्तक फाटलंय, हे शब्द बाईंच्या ओठांवर आले होते. जानूनं पुस्तक उचललं, पिशवीत ठेवलं, वरून बंद बांधला आणि तो पायऱ्या उतरायला लागला. बाईंनी चपला घातल्या.

वलांडीखाली त्यांना बसायला बायकांनी मासळीची पाटी उलटी करून दिली. बाई शेवटचं प्रकरण वाचू लागल्या. राजाच्या शिंकेनं होड्या ताडांच्या शेंड्यावर जाऊन बसतात आणि तिथं तांडेल आधी उतरायच्या मानावरून भांडतात, असा तो भाग होता. बाईंनी तो सरकारी नोटीस वाचावी तसा वाचला. हसलं कुणीच नाही. मैनाबाई रंभाबाईला हळूच म्हणाली की हिराच्या तोंडी होड्या तरी हलायच्या.

एकशे शहात्तरावं पान आलं. ‘कानात सांगितले की.’

बाईंची नजर उजवीकडे गेली. पुठ्ठा. त्यावर त्यांनी बोट ठेवलं. वरच्या बांबूंवर बायकांचे हात थांबले. जानू पुस्तकाकडे बघतच नव्हता. तो पाण्याकडे बघत होता आणि टॉवेलनं नाक पुसत होता.

बाईंनी चष्मा वर सरकवला.

“...की महाराज, ही सर्दी नाही. आपण रडताय.”

जानूनं टॉवेल नाकावरून खाली घेतला.

“महाराजांनी वैद्याचा कान धरला. म्हणाले, हळू बोल. बाहेर सर्दीच सांग. काढाही चालू ठेव, आणि चांगला कडू कर, नाहीतर प्रधानाला संशय येईल.”

पहिल्यांदा रंभाबाईला हसू फुटलं, मग पोरांना.

“मग?” जानूनं विचारलं.

मग प्रधानानं काढा चाखून बघितला. तो इतका कडू होता की त्याच्याही डोळ्यांना पाणी आलं आणि त्यालाही सर्दी जाहीर झाली. मग सेनापतीला. बाईंचा आवाज नोटिशीवरून केव्हाच खाली उतरला होता. त्या थांबल्या की जानू “मग?” म्हणे, आणि त्या पुठ्ठ्याकडे बघून पुढे वाचत. शेवटी साऱ्या दरबाराला सर्दी झाली. एकमेकांना रुमाल देता देता लोकांनी राजाला विचारायचं सोडून दिलं, आणि समुद्र जरा शांत झाला.

मैनाबाईनं बोंबलाची जोडी बांबूवर टाकली.

“ह्यो शेवट हिरानं कंदीच नाय सांगितला.”

“ते तिनं बनवलेले होते,” जानू म्हणाला. “ह्यो पुस्तकातला हाय.”

त्यानं बाईंच्या हातातलं पुस्तक घेऊन पिशवीत घातलं आणि पिशवी त्यांच्याकडेच दिली.

परीक्षा संपली त्या दिवशी यादी दारावर लागली. नावं बारा होती. बाराव्यापुढे बारीक अक्षरात लिहिलं होतं : घरी मिळणार नाही. वलांडीवर, दुपारी चार वाजता.

एकोणऐंशी सालच्या मे महिन्यात, हिरानं ते पुस्तक पहिल्यांदा घरी आणलं तेव्हा, ते पाण्यात पडलं होतं. सुटी झालेली शेवटची सोळा पानं जानूनं चुलीच्या कडेला वाळत घातली, आणि ती जळाली.